वाट आधी पायाची

रस्त्यात मेंढरं आडवी आली की बिरूमामा गाडी बंद करायचे. हळू करून नव्हे, बाजूला घेऊनही नव्हे. जिथं असेल तिथं किल्ली फिरवून सरळ बंद. मग दार उघडून खाली उतरायचे, डोक्यावरचा पटका सारखा करायचे आणि कळप पार होईपर्यंत बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे. शेवटचं कोकरू पलीकडं गेलं की मागून येणाऱ्या मेंढक्याला विचारायचे, "वाडा कुठं पडलाय रं?" उत्तर मिळालं की परत गाडीत. मागं हॉर्न वाजत असायचे, एसटीचा ड्रायव्हर डोकं बाहेर काढून आईबहिणीवर आलेला असायचा. मामांना त्याचं काही नसायचं. "वाट आधी पायाची, मग चाकाची," ते मला म्हणायचे. "चाक काल आलंय, मारत्या."

आम्ही धनगर. मामांचं तरुणपण मेंढरांमागं चालण्यात गेलं. पुढं केडगावजवळच्या त्यांच्या जमिनीला पाणी आलं, ऊस आला, आणि ते एका जागी बसले. बसले म्हणजे काय, पाय कुठं बसतात? दौंडच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी फियाट विकायची होती. मामांनी उरलेला कळप विकला आणि ती घेतली. पन्नाशी उलटल्यावर, उसाच्या मोकळ्या झालेल्या रानात, त्या डॉक्टरांच्या ड्रायव्हरकडून शिकले. गाडीत कुणी दार आपटलं की ओरडायचे, "हळू! हिच्यात चाळीस मेंढरं हायती माझी." आणि निघण्यापूर्वी मेंढीच्या पाठीवर थाप मारावी तशी तिच्या टपावर थाप मारायचे.

गाडी घेतली ती माझ्या आईसाठी. माझी आई ठकूबाई म्हणजे मामांची धाकटी बहीण. शिरूर तालुक्याच्या कोरड्या अंगाला दिलेली. वडील लवकर गेले. धाकटा भाऊ सोपान आणि आई मेंढरं घेऊन फिरायचे, आणि मला शाळेसाठी मामांच्या घरी ठेवलेलं. मेंढपाळांच्या फिरत्या बिऱ्हाडाला आमच्यात वाडा म्हणतात. दिवाळी झाली की आईचा वाडा भीमा-घोडेच्या उसाच्या पट्ट्यात उतरायचा. आज याच्या रानात मेंढरं बसवली, लेंडीचं खत झालं, शेतकऱ्यानं दाणे दिले, की चार दिवसांनी दुसऱ्याच्या रानात. तिला पत्ता नव्हता. तेव्हा फोनही नव्हते. आठ-पंधरा दिवसांनी एका रविवारी मामा पाण्याचे कॅन, बाजरीचं पीठ आणि मला गाडीत घालायचे आणि बहिणीला शोधायला निघायचे. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक कळपाला विचारत विचारत. मेंढक्यांना एकमेकांची खबर असते.

मामा आईला चुकले, असं कधी झालं नाही. आईला त्या गाडीचा आवाज लांबून कळायचा. कुत्री भुंकायच्या आधी ती उठून उभी राहिलेली असायची. मग दोघं तळावर बसून भांडायची.

"दादा, किती वाळलाय रं."

"तूच बघ की आरशात, ठके. कोल्हीण दिसतीस."

"आरसा कुठंय माझ्याकडं?"

"म्हनून तर सांगतोय."

पुढं आईला रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. तेव्हापासून पीठ-पाण्याबरोबर केडगावातून गोळ्यांची पाकिटं गाडीत जायला लागली. मामांना वाचता येत नव्हतं. ते दुकानदाराला रिकामं पाकीट दाखवून तसंच भरलेलं घ्यायचे आणि पटक्याच्या घडीत ठेवायचे.

मी आयटीआय केलं. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो, शिरूरमध्ये फ्लॅट घेतला, लग्न झालं, मुलगी झाली. आईच्या तळावर मी आधी महिन्यानं, मग सणासुदीला जायला लागलो. मामा मात्र तसेच जात राहिले. पंचाहत्तरीला आले तरी. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. "ढग आल्यात," ते म्हणायचे. ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायचे, "ऊस जाऊ दे, मग बघू." एक ऊस गेला, दुसरा गेला. फियाटच्या डाव्या अंगाला पोचे वाढत गेले. मी काही बोललो की उत्तर ठरलेलं असायचं, "मला वाट पायानं ठाऊक हाय. डोळं लागत्यात कशाला?"

आता पारगावच्या पुलाचं सांगतो. आमच्या घरात हीच गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

साखर कारखाने सुरू होते. मी केडगावला गेलो होतो आणि मामा मला व माझ्या मुलीला शिरूरला सोडायला निघाले होते. मी म्हटलं, मी चालवतो. ते म्हणाले, "गाडी हिथनं तिथवर माझ्या हाताला झोपंत बी कळती." मी शेजारी बसलो. मुलगी मागं बसली होती. ऊन उतरलं होतं, समोरून सूर्य थेट काचेवर येत होता. पुलाच्या अलीकडच्या उतारावर मामांनी एकाएकी गाडी थांबवली. किल्ली फिरवली. समोर मेंढरं होती.

"मामा, उतारावर नका! बाजूला घ्या!"

"मेंढरं हायत ती," मामा म्हणाले आणि दार उघडून उतरले.

मी मागं वळून पाहिलं. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उतारावरून येत होता. ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठून ब्रेकवर उभा राहिला होता आणि ट्रॅक्टर थांबत नव्हता. ट्रॉल्या त्याला मागून ढकलत होत्या. मी मुलीला ओढायला मागं हात घातला. ती दोन सीटच्या मधे अडकली. ट्रॅक्टर ओरडत बाजूच्या मातीत उतरला, मागची ट्रॉली तिरपी झाली आणि उसाचे शेंडे आमच्या मागच्या काचेवरून खरडत गेले. काच फुटली नाही. ट्रॉली उलटली नाही. ड्रायव्हर खाली उतरला. त्याला शिवीसुद्धा देता येईना. एवढंच म्हणाला, "आबा, मेला असता की वो समदी."

मामा त्याच्याकडं न बघता मेंढक्याला विचारत होते, "ठकूबाईचा वाडा कुठं पडलाय रं?"

पुढच्या रविवारी मी केडगावला गेलो. मामा अंघोळीला बसले होते. मी फियाटचं बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली आणि आतला रोटर खिशात टाकला. अंगठ्याएवढा तुकडा. तो नसला की इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. मग चौफुल्याच्या रफिकभाईंकडं गेलो. ते मामांचे नेहमीचे मेकॅनिक. त्यांना पुलाची हकिगत सांगितली आणि म्हटलं, मामांनी बोलावलं तर सांगा, पार्ट मिळत नाही.

रफिकभाई हात पुसत राहिले. "खोटं मी न्हाई बोलणार, भाऊ. मी गप बसन. पण त्यांनी विचारलं तर काय तोंड देऊ?"

"माझ्या मुलीचा जीव चालला होता."

"तवा मग त्यांनाच सांगा की सरळ."

मी सांगितलं नाही. पुढं कळलं तेव्हा घरी, गावात, सगळीकडं पुलाचंच कारण दिलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली. पण कारण तेवढंच नव्हतं. इतकी वर्षं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

पुलाच्या त्या प्रसंगाच्या थोडं आधीची गोष्ट. शिफ्ट सुटायच्या वेळेला कंपनीच्या गेटवर फियाट येऊन उभी राहिली. मामा आईला शिरूरला दवाखान्यात दाखवून परत निघाले होते. पुढं मामा, मागं आई, आणि आईच्या मांडीवर एक आजारी कोकरू. मी ऑफिसातल्या दोन साहेबांबरोबर बाहेर पडत होतो. मामांनी हॉर्न वाजवला, खिडकीतून हात काढला आणि मेंढरं हाकताना घालतात तशी हाळी घातली. सगळे वळून बघायला लागले. गेटवरचा वॉचमन बिहारचा होता. तो धावत माझ्याकडं आला. "साहब, ये लोग आपको पूछ रहे हैं. कौन हैं आपके?"

मी म्हणालो, "गाँववाले हैं."

मी गाडीपासून पाच-सहा पावलांवर होतो. आईची काच खाली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग कोकराकडं. मामा काहीतरी बोलायला गेले तर तीच म्हणाली, "खरंच हाय की, दादा. गाववालीच हाय मी. चल." माझ्या मुलीसाठी तिनं एक लहान घोंगडी करवून आणली होती. ती खिडकीतून वॉचमनच्या हातात दिली. पुढं कितीतरी दिवस मी रोज त्या केबिनीवरून जात होतो. घोंगडी तिथंच खुंटीला होती. मी ती मागितली नाही.

म्हणून खिशातला तो तुकडा मला जड झाला नाही. गाडी बंद म्हणजे गेटवर पुन्हा ती हाळी नाही. मला हायसं वाटलं होतं. वाटलं होतं हे खरं आहे.

मामा रोज सकाळी गाडीला किल्ली लावायचे. इंजिन घरघरायचं आणि थांबायचं. रफिकभाई दोनदा येऊन बॉनेटमध्ये डोकं घालून गेले आणि काही न बोलता गेले. मामांनी माझ्यासमोर तिच्या टपावर हात ठेवून म्हटलं, "दमली गं बाई. माझ्याच वयाची झालीस." मग मला विचारलं, "तुझ्या कंपनीत एवढाली यंत्रं. हिचं काय दुखतंय एवढं बघशील का?"

"बघतो, मामा."

"लवकर बघ. ठकीच्या गोळ्या सरत आल्या असत्याल."

"गोळ्या मी पोचवतो. तुम्ही काळजी करू नका."

मामांचा चेहरा एवढा मोकळा झाला की मी नजर खाली घातली. "तू जाशील? मंग काय. पोरगाच निघालाय म्हनल्यावर गाडी काय करायची?"

मी गेलो, नाही असं नाही. मोटरसायकलवरून निघालो. न्हावऱ्याकडं वाडा आहे असं कळलं होतं. तिथं पोचलो तर रान मोकळं, लेंड्या आणि चुलीचे तीन दगड. एका शेतकऱ्याला विचारलं, तो म्हणाला काल हलले. दुसऱ्याला विचारलं, त्यानं उलटी दिशा दाखवली. रस्त्यात एक कळपही भेटला. मी हॉर्न वाजवत त्यातून गाडी काढली. थांबलो नाही, विचारलं नाही. दुपारची शिफ्ट होती. फाट्यावरच्या एका चहाच्या टपरीवर गोळ्यांची पाकिटं ठेवली आणि म्हटलं, सोपान धनगर आला तर द्या. टपरीवाला म्हणाला, "कोन सोपान?" मी म्हटलं, येईल तो.

मामांना सांगितलं, दिल्या.

"कशी हाय ती?"

"बरी आहे."

"भांडली का?"

"हो."

मामा हसले. "मंग बरी हाय."

त्यानंतरच्या आठवड्यात मला कंपनीत फोन आला. मामी बोलत होत्या, शेजाऱ्याच्या फोनवरून. मामा सकाळपासून घरात नव्हते. आदल्या दिवशी ते नेहमीसारखे चौफुल्यावर रस्त्याच्या कडेला बसले होते. एक मेंढका कळप घेऊन जाताना थांबला आणि म्हणाला, "बिरूतात्या, तुमी हायसा व्हय? ठकूबाई म्हनती, माझा दादा गेला असंल, न्हाईतर आला असता. तिच्या गोळ्या सरून लई दिस झालं." वाडा कासुर्डीकडं आहे असंही त्यानं सांगितलं. सकाळी मामांनी गोळ्या आणल्या, पटक्यात घातल्या, काठी आणि घोंगडं घेतलं आणि पायी निघाले. मामी फोनवर रडत म्हणाल्या, "हायवेनं गेल्यात वो. त्यांना धड दिसत न्हाई."

सोलापूर हायवे तेव्हा नवा रुंद झाला होता. मधे दुभाजक, आणि गाड्या अशा जायच्या की माणसाचं धोतर उडावं. मी चौफुल्यापासून मोटरसायकल हळू चालवत कडेचं प्रत्येक माणूस बघत निघालो. भांडगाव गेलं. एका जागी रस्त्यावर कापडासारखं काहीतरी पडलं होतं, ट्रक त्याच्यावरून जात होते. मी गाडी लावली आणि जवळ जाऊन बघितलं. पोतं होतं. यवत गेलं. तिथं एका पंक्चरवाल्यानं सांगितलं, लाल पटक्याचा एक म्हातारा गेला खरा, लंगडत होता.

कासुर्डीच्या अलीकडं मला ते दिसले. दुभाजकाला जिथं फट होती तिथं, रस्त्याच्या ऐन मधोमध उभे. पलीकडच्या रानात वाड्याची घोडी आणि कुत्री दिसत होती. त्यांना फक्त अर्धा रस्ता ओलांडायचा होता. त्यांनी काठी आडवी धरली होती आणि येणाऱ्या गाड्यांना सांगत होते, "थांबा रं. जरा थांबा की." दिसत नव्हतं, म्हणून आवाजावरून एक पाऊल पुढं टाकायचे, आणि ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला की मागं घ्यायचे. एक पाऊल पुढं, एक मागं. कुणी थांबत नव्हतं. इतकी वर्षं प्रत्येक कळपासाठी गाडी बंद करणारा माणूस होता तो.

मी मोटरसायकल टाकून पळालो. त्यांचा दंड धरला. त्यांनी चेहरा जवळ आणून बघितलं.

"मारत्या? बरं झालं. हात धर."

ओलांडलं. पलीकडं मातीत ते मटकन बसले. पायांना फोड आले होते. त्यांनी गोळ्यांबद्दल विचारलं नाही, मी दिल्या म्हटलेलं खोटं होतं का, तेही विचारलं नाही. म्हणूनच माझ्यानं राहवलं नाही. खिशातून रोटर काढून मी त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पूल सांगितला. गेट मात्र तेव्हाही नाही.

त्यांनी तो तुकडा बोटांनी चाचपला. "एवढंसं?"

"हो."

तो परत माझ्या हातात ठेवला. मग म्हणाले, "माझं डोळं गेल्यात हे मला ठाऊक न्हाई व्हय? पोरगी मागं बसलेली, मला बी झोप लागली न्हाई त्या दिशी. किल्ली मागायची व्हतीस, मारत्या. मी दिली असती. पण किल्ली घेतली असतीस तर वाट बी घ्यावी लागली असती. तू नुसती गाडी बंद केलीस."

मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि वाड्याकडं नेलं.

तळावर आई आडवी होती. पहाटेच तिची उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. सोपान गाडी शोधायला गेला होता. मामा तिच्या उशाशी बसले आणि पटक्यातून गोळ्या काढून तिच्या डाव्या मुठीत ठेवल्या. "ठके, आणल्यात बघ. भांड की." मी मोटरसायकलवरून केडगावला आलो, रोटर बसवला, किल्ली फिरवली. पहिल्याच फेऱ्याला गाडी सुरू झाली. आईला त्याच फियाटमधून मी दौंडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल. वाचा सांगता येत नाही.

वाचा आली नाही. आई दोन वर्षं माझ्या शिरूरच्या फ्लॅटमध्ये होती आणि तिथंच गेली. मामांनी त्याच महिन्यात किल्ली माझ्या हातात दिली आणि पुन्हा कधी चाकामागं बसले नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन केलं. स्वच्छ दिसायला लागलं तरी बसले नाहीत. मला लागलेला शब्द त्यांनी दुसऱ्यांदा काढला नाही, आणि गावात कुणाला सांगितलाही नाही. रविवारी मी केडगावला जायचो, त्यांना घ्यायचो आणि आईकडं आणायचो. ते तिच्याजवळ बसून दोघांच्याही वाटचं भांडायचे. आईनंतर तिसऱ्या हिवाळ्यात तेही गेले. गाडी अजून माझ्या दारात आहे.

त्यातला एक रविवार सांगायचा राहिलाय. आई असतानाचा. तिला एकदा मेंढरं दाखवावीत असं मामांच्या मनात आलं. आम्ही तिला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. वारं सोसत नव्हतं म्हणून काचा वर केल्या. मामा माझ्याशेजारी. न्हावऱ्याच्या पुढं वळणावर कळप आडवा आला. मी गाडी पार कडेला मातीत घेतली, पण थांबलो आणि किल्ली फिरवली. मामांच्या गुडघ्यांना उतरणं होत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "उतर."

मी उतरलो. पँट-शर्ट घातलेला माणूस बॉनेटवर हात ठेवून उभा आहे हे बघून मेंढका चकित झाला. शेवटची मेंढी गेल्यावर तो थांबला.

"कोन म्हनायचं, पावनं?"

"धनगरच," मी म्हणालो. "ह्या आत बसल्यात त्या ठकूबाईचा थोरला मी."

मोठ्यानं म्हणालो. हाळी घालावी इतक्या मोठ्यानं. मग वळून बघितलं. आई पलीकडं, जाणाऱ्या मेंढरांकडं बघत होती. मागची काच वर होती.